खोक्यावरचा आकडा

२००८ सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेतले विज्ञानाचे शिक्षक मे महिन्यात आमच्याकडे आले होते. त्यांच्या शाळेच्या आवारात लिंबाची दोन झाडं आहेत आणि कढीपत्त्याचं एक. पावसाळा लागला की या झाडांच्या कोवळ्या पानांवर फुलपाखरं अंडी घालतात. अंडं, अळी, कोष आणि फुलपाखरू हा सगळा प्रवास आठवीच्या मुलांनी रोज फोटो काढून नोंदवायचा, असं सरांनी ठरवलं होतं. माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी दहा हजार रुपये जमवून दिले होते. सरांचा प्रश्न सरळ होता, "कोणता कॅमेरा घेऊ?"

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसं. मोजमाप हा आमचा धंदा. तेव्हा उत्साहाने जाहिराती चाळल्या, चार कॅमेऱ्यांचा तक्ता केला, एकेका गुणापुढे बरोबरच्या खुणा केल्या आणि सांगून टाकलं, "आठ मेगापिक्सेलचा नको, हा दहाचा घ्या. किंमत जवळजवळ तीच आहे." सरांनी तोच घेतला. अंडं केवढं असतं, ते ठेवणार कुठे, फोटो कोणत्या वेळी काढणार, मुलं ते कशावर बघणार, यातला एकही प्रश्न आम्ही त्यांना विचारला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सरांचं पत्र आलं, सोबत एक सीडी. फोटो तीनशेच्या वर होते. पानांच्या शिरा काही ठिकाणी छान आल्या होत्या, पण अंडं म्हणजे नुसता पिवळसर ठिपका. वर्गात, पावसाळी अंधाऱ्या दुपारी काढलेल्या अळ्या पाण्यात रंग फिसकटावा तशा दिसत होत्या. फ्लॅश लावला की काचेची बरणी पांढरीफटक. कोषातून फुलपाखरू बाहेर येतानाचा फोटो घ्यायला मुलं आळीपाळीने पहाटेपासून बसली होती. पण बटण दाबल्यावर कॅमेरा क्षणभर विचार करायचा, आणि फोटोत आलं होतं ते रिकामं टरफल. सरांनी तक्रार केली नव्हती. "आमचं काही चुकतंय का?" एवढंच विचारलं होतं.

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. चूक आमची होती आणि तिची किंमत मुलांनी दिली होती. मोसम संपला होता, पैसे संपले होते आणि ती मुलं आता नववीत जाणार होती.

पट्टीचा प्रयोग

चूक नेमकी कुठे झाली हे समजायला आम्हांला एक शालेय प्रयोग करावा लागला. सरांकडून तो कॅमेरा चार दिवसांसाठी मागवून घेतला, टेबलावर पंधरा सेंटिमीटरची साधी पट्टी ठेवली आणि चित्र स्पष्ट येईल इतपत कॅमेरा शक्य तितका जवळ नेला. चौकटीत पट्टीचे ६० मिलिमीटर मावले. या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे ३६४८ पिक्सेल असतात. म्हणजे दर मिलिमीटरला ६० पिक्सेल. फुलपाखराचं अंडं सुमारे एक मिलिमीटरचं. तेव्हा एक कोटी पिक्सेलच्या कॅमेऱ्यात अंड्याच्या वाट्याला आले आडवे ६० आणि उभे ६०, म्हणजे जेमतेम साडेतीन हजार. बाकीचे सगळे पिक्सेल पानाचं, बरणीचं आणि टेबलाचं चित्र काढत होते.

आमच्या विभागाच्या कपाटात एक जुना कॅमेरा पडून होता. निकॉनचा कूलपिक्स ९९०, २००० सालचा, ३.३४ मेगापिक्सेलचा. आता याला कोण विचारतो, म्हणून बाजूला टाकलेला. तो मात्र वस्तूपासून दोन सेंटिमीटरवर नेला तरी स्पष्ट चित्र देतो. त्याच्या चौकटीत पट्टीचे २० मिलिमीटर आले. त्याचे आडवे पिक्सेल २०४८, म्हणजे दर मिलिमीटरला शंभराहून थोडे जास्त. याच अंड्याला इथे दहा हजार पिक्सेल मिळाले. एक तृतीयांश मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने अंड्याला जवळजवळ तिप्पट ठिपके दिले!

आम्ही तो हिशेब दोनदा तपासला. हिशेब बरोबर होता. मग प्रश्न पडला, की मेगापिक्सेल हा आकडा कॅमेऱ्याच्या खोक्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत आला तरी कसा? तो इतिहास पाहण्यासारखा आहे.

आकडा जन्मतो

फिल्मच्या काळात असा आकडा नव्हता, आणि असू शकतही नव्हता. आपल्याकडे बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक-३ हा कॅमेरा अनेक घरांत असे. त्यात जुळवण्यासारखं फारसं काही नव्हतं. पण त्यात जी १२० नंबरची फिल्म बसे, तीच फिल्म पन्नासपट महागड्या कॅमेऱ्यातही बसे. प्रकाश टिपणारी वस्तू कॅमेऱ्यापासून वेगळी होती आणि दर रोलला बदलत होती. त्यामुळे कॅमेरा घेताना माणूस भिंग कसं आहे, हाताळायला सोपा आहे का, एवढंच पाही.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मची जागा घेणारा संवेदक कॅमेऱ्यातच कायमचा बसवलेला असतो. असा पहिला उपयुक्त संवेदक म्हणजे सीसीडी. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी त्याची कल्पना मांडली. त्यांच्या डोक्यात तेव्हा कॅमेरा नव्हता, संगणकाची स्मृती होती. विद्युत्भाराची छोटी गाठोडी एका खणातून शेजारच्या खणात सरकवत न्यायची, अशी ती युक्ती. सिलिकॉनवर प्रकाश पडला की भार तयार होतो, तेव्हा हे खण प्रकाशही मोजू शकतात, हे लवकरच लक्षात आलं. २००९ सालच्या भौतिकीच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा भाग या दोघांना मिळाला.

१९७५ साली कोडॅक कंपनीतला एक तरुण अभियंता, स्टीव्हन सॅसन, याने असा संवेदक वापरून एक यंत्र जोडलं. भिंग सुपर-८ सिने-कॅमेऱ्याचं, साठवण कॅसेटच्या फितीवर, वजन साडेतीन किलोच्या वर. एक कृष्णधवल चित्र फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. चित्रात आडवे शंभर आणि उभे शंभर ठिपके होते. आजच्या भाषेत ०.०१ मेगापिक्सेल. ते चित्र टीव्हीच्या पडद्यावर बघायचं.

कंपनीच्या वरिष्ठांनी सॅसनला जे विचारलं ते आपल्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. फिल्मच्या तोडीचं चित्र यायला किती ठिपके लागतील, आणि तिथवर पोचायला किती वर्षं? खिशात मावणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांत तेव्हा ११० नंबरची छोटी फिल्म असे. तिची बरोबरी करायला सुमारे वीस लाख ठिपके, आणि वेळ पंधरा ते वीस वर्षं, असं उत्तर सॅसनने दिलं.

हा प्रश्न कंपनीच्या जागी अगदी योग्य होता. कोडॅक फिल्म विकून जगत होती, तिला प्रतिस्पर्धी कधी उगवेल हे जाणून घ्यायचं होतं. उत्तरही चांगलं होतं. पोस्टकार्डाएवढा, म्हणजे सहा बाय चार इंचांचा फोटो छापायचा आणि दर इंचाला तीनशे ठिपके हवेत असं धरलं, तर १८०० गुणिले १२००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके पुरतात. नुसत्या डोळ्यांनी त्याहून बारीक आपल्याला सहसा दिसत नाही. सॅसनचा अंदाज वर्षांच्या बाबतीत थोडा चुकला, एवढंच. साधारण २००० सालाच्या सुमारास दोन-तीन मेगापिक्सेलचे कॅमेरे दुकानांत मिळू लागले.

म्हणजे मेगापिक्सेल हा आकडा 'फिल्मला गाठायला किती?' या प्रश्नाचं उत्तर म्हणून जन्माला आला. गाठून झाल्यावर तो प्रश्न संपायला हवा होता. प्रश्न संपला, आकडा मात्र राहिला. खोक्यावर छापायला तो इतका सोयीचा होता, की त्याला कुणी सोडेना.

ज्यांनी वेगळं विचारलं

मधल्या काळात काहींनी दुसरेच प्रश्न विचारले होते, आणि आम्हांला या इतिहासातला सगळ्यात रंजक भाग हाच वाटतो. १९९४ साली ॲपल कंपनीने क्विकटेक १०० नावाचा कॅमेरा काढला. तो कोडॅकने बनवला होता. चित्रात ६४० गुणिले ४८० ठिपके, आणि अशी आठ चित्रं त्यात मावत. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, जपानच्या कॅसिओ कंपनीचा क्यूव्ही-१० आला. त्याची चित्रं फक्त ३२० गुणिले २४०, म्हणजे क्विकटेकच्या पाव. तक्ता करून खुणा करणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्याला पहिल्या ओळीतच नापास केलं असतं. पण क्यूव्ही-१०च्या पाठीवर एक छोटा रंगीत पडदा होता. फोटो काढला की लगेच बघता येई, शेजारी बसलेल्याला दाखवता येई, नको असेल तर पुसता येई. क्विकटेकमध्ये काढलेलं चित्र संगणकाला जोडल्याशिवाय दिसतच नसे. क्यूव्ही-१० चांगला खपला, क्विकटेकचं उत्पादन १९९७ मध्ये थांबलं. आणि पाठीवर पडदा नसलेला डिजिटल कॅमेरा आज शोधूनच काढावा लागेल.

१९९७ सालचा सोनीचा माव्हिका तर याहून गमतीदार. हा कॅमेरा चित्रं चक्क साध्या साडेतीन इंची फ्लॉपीवर लिहीत असे. फ्लॉपी मंद, जागा जेमतेम १.४४ मेगाबाइट, कॅमेरा विटेसारखा जाड. पण त्या काळी इतर कॅमेऱ्यांतून चित्रं बाहेर काढायची तर केबल, सॉफ्टवेअर आणि बराच धीर लागे. इथे फ्लॉपी काढली, कुठल्याही संगणकात घातली की झालं. अमेरिकेत शाळांनी आणि घरांची विक्री करणाऱ्या दलालांनी हा कॅमेरा आनंदाने घेतला. त्यांना हवा होता तो 'उद्या सकाळी दुसऱ्याच्या संगणकावर दिसणारा' फोटो. सोनीतल्या कुणीतरी ते ओळखलं होतं.

वृत्तपत्रांचंही तसंच. १९९९ सालचा निकॉन डी-१ हा २.७ मेगापिक्सेलचा होता. वृत्तपत्राच्या कागदावर याहून अधिक बारकावा उमटत नाही. तिथे महत्त्वाचं होतं ते बटण दाबताक्षणी फोटो निघणं, सेकंदाला चार-पाच फोटो काढता येणं आणि सामना संपायच्या आत चित्र कार्यालयात पोचणं. छायाचित्रकारांनी फिल्म सोडली ती यासाठी.

अंगणातली भांडी

२००० नंतर मात्र घरगुती कॅमेऱ्यांत शर्यत लागली. तीन, चार, पाच, सात, दहा. ठिपके वाढत गेले, पण ते ज्यावर बसवायचे तो संवेदक वाढला नाही. उलट कॅमेरे सडपातळ व्हावेत म्हणून तो लहानच होत गेला. आमच्या जुन्या कॅमेऱ्यातला संवेदक साधारण ७.२ मिलिमीटर रुंद आहे, सरांच्या नव्या कॅमेऱ्यातला ५.८ मिलिमीटर.

हे मापही सरळ छापलेलं नसतं. पुस्तिकेत '१/२.५ इंच' असं काहीतरी लिहिलेलं असतं. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याला अडीचने भागलं की दहा मिलिमीटर, असा हिशेब कुणीही करील. पण त्या संवेदकाचा कर्ण निघतो जेमतेम सव्वासात मिलिमीटर. याचं कारण टीव्हीच्या जुन्या कॅमेऱ्यांत आहे. त्यांत काचेच्या नळ्या असत आणि नळीचं नाव तिच्या बाहेरच्या व्यासावरून पडे. एक इंची नळीत चित्राचा कर्ण फक्त सोळा मिलिमीटरच्या आसपास असे. नळ्या गेल्या, नाव टिकलं. मोजमाप शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर वापरावं. एकक तेच, पण ते कशाचं माप आहे हे न विचारल्याने होणारी फसगत यात छान दिसते.

आता संवेदक लहान झाल्याने काय बिघडतं? पावसात अंगणभर भांडी मांडून ठेवली आहेत असं समजा. एकूण पाणी किती साठेल हे अंगणाच्या आकारावर ठरतं. मोठ्या भांड्यांऐवजी चौपट लहान वाट्या मांडल्या म्हणून पाऊस जास्त पडत नाही. फक्त एकेका वाटीत थेंब कमी पडतात. आणि थेंब कमी पडले की योगायोगाचा खेळ वाढतो. सरासरी दहा हजार थेंब पडणाऱ्या भांड्यांत आपापसांत फरक पडतो तो शंभराच्या आसपास, म्हणजे एक टक्का. सरासरी शंभर थेंबांच्या वाट्यांत तो दहाचा, म्हणजे दहा टक्के. प्रकाशही असाच थेंबाथेंबाने पडतो. अंधाऱ्या वर्गात एकेका पिक्सेलवर प्रकाशकण थोडे, म्हणून सारख्या रंगाच्या पानावरही बुंदके दिसतात. ते झाकायला कॅमेऱ्यातला संगणक शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतो. मुलांच्या अळ्या फिसकटल्या होत्या त्या त्यामुळे.

इथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर आम्ही दुसऱ्या टोकाला जाऊ. जास्त मेगापिक्सेल म्हणजे वाईट चित्र, असं मुळीच नाही. लहान वाट्यांतलं पाणी पुन्हा एकत्र ओतता येतं, तसंच शेजारचे पिक्सेल एकत्र करून चित्र लहान केलं की बुंदके पुष्कळसे निवतात. खरा फरक पडतो तो अंगणाच्या आकाराने, म्हणजे संवेदकाच्या क्षेत्रफळाने आणि भिंगातून येणाऱ्या प्रकाशाने. ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या संवेदकाचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, सरांच्या कॅमेऱ्यातल्या संवेदकाचं सुमारे २५. पस्तीसपट अंगण! हा आकडा मात्र खोक्यावर कुठे दिसत नाही.

भिंगाचीही एक मर्यादा आहे. प्रकाश तरंग असल्यामुळे कितीही उत्तम भिंग बिंदूचं चित्र बिंदू देत नाही, छोटी चकती देते. एफ २.८ या उघडीपला हिरव्या प्रकाशाची ही चकती सुमारे ३.८ मायक्रॉन व्यासाची असते. नव्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल साधारण १.६ मायक्रॉनचा. एकच चकती दोन-अडीच पिक्सेलांवर पसरते. त्यापुढे पिक्सेल बारीक करत गेलं तरी हाती फारसं लागत नाही.

निर्मात्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. २००८ साली कॅननने जी-१० हा कॅमेरा १४.७ मेगापिक्सेलचा काढला आणि २००९ मध्ये त्याची पुढची आवृत्ती जी-११ काढली ती दहा मेगापिक्सेलची. आकडा खाली आला, तोही नव्या आवृत्तीत. असं धाडस त्या धंद्यात क्वचितच झालं. पण बाकीच्यांची शर्यत चालूच राहिली, आणि मग ती फोनांत गेली. जगभरातून रवाना होणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांची संख्या २०१० साली बारा कोटींच्या वर होती, २०२३ मध्ये ती ऐंशी लाखांच्याही खाली आली. फोनांसाठी सॅमसंगने २०२१ साली वीस कोटी पिक्सेलचा संवेदक जाहीर केला. कमी प्रकाशात तो सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचं चित्र देतो. वाट्यांतलं पाणी परत भांड्यात!

दोन सेंटिमीटर

आता पुन्हा आमच्या कपाटातल्या कॅमेऱ्याकडे येऊ. कूलपिक्सच्या ९५०, ९९० या मालिकेची एक खासियत होती. झूम करताना भिंग पुढे-मागे बाहेर येत नसे, सगळी हालचाल आतल्या आत होई. भिंगाच्या तोंडाला २८ मिलिमीटरचे आटे होते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेवर हा कॅमेरा जोडकडीने घट्ट बसवता येई, आणि अंग वळवता येत असल्याने पडदा आपल्याकडे करून बघता येई. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो यासाठी वापरला. १९९९ साली मलेशियातले पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी ९५० हा कॅमेरा पक्षी बघायच्या दुर्बिणीला लावून फोटो काढले आणि त्यातून छायाचित्रणाचा एक नवा प्रकारच सुरू झाला. आता, झूमचं भिंग आत सरकतं की बाहेर, असा रकाना कुठल्या तक्त्यात असतो? आमच्या तक्त्यात तरी नव्हता.

याच विचाराचं सगळ्यात मोठं उदाहरण मंगळावर आहे. नासाची क्युरिऑसिटी गाडी ऑगस्ट २०१२ मध्ये तिथे उतरली. तिचे मुख्य कॅमेरे दोन मेगापिक्सेलचे. त्या वर्षी बऱ्यापैकी फोनातही आठ मेगापिक्सेल असत, नोकियाच्या एका फोनात तर एक्केचाळीस होते. कोट्यवधी डॉलरांच्या मोहिमेवर दोनच मेगापिक्सेल का, असं लोकांनी तेव्हा विचारलं. उत्तर असं, की या कॅमेऱ्यांचा आराखडा २००४ सालचा. उतरतानाचा कॅमेरा, खांबावरचे दोन आणि हातावरचा एक, अशा चारही कॅमेऱ्यांना एकच संवेदक चालावा, म्हणजे कसून तपासणी एकाच वस्तूची करावी लागेल. शिवाय मंगळावरून रोज पाठवता येणारी माहिती मर्यादित. मोठं दृश्य हवं तर बरीच छोटी चित्रं जोडता येतात, गाडीला घाई नसते.

यातला हातावरचा कॅमेरा खडकांचे कण जवळून बघायचा आहे. त्याला माहली म्हणतात. तो खडकापासून २.१ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊ शकतो. तिथून त्याचा एक पिक्सेल खडकावरचे सुमारे १४ मायक्रॉन टिपतो. चित्रात आडवे १६०० पिक्सेल, म्हणजे चौकटीची रुंदी २२ मिलिमीटर. हे वाचलं तेव्हा आम्ही जागेवरून उठून कपाटाजवळ गेलो. आमच्या कॅमेऱ्याचं अंतर दोन सेंटिमीटर, चौकट वीस मिलिमीटर. खडकातला कण काय आणि पानावरचं अंडं काय, मिलिमीटरभराची वस्तू नीट बघायची म्हटलं की कॅमेरा साधारण तिथेच येऊन थांबतो. माहलीकडे आणखी एक गोष्ट आहे. इतक्या जवळ गेल्यावर कॅमेऱ्याचीच सावली वस्तूवर पडते, म्हणून भिंगाभोवती छोटे दिवे बसवलेले आहेत.

२००९च्या जूनमध्ये आम्ही आमचा जुना कॅमेरा सरांच्या शाळेला वापरायला दिला. त्यात चार पेन्सिल सेल लागतात, ते गावातल्या दुकानात मिळतात, हा फायदा आमच्या लक्षात आला नव्हता. तो सरांनी दाखवून दिला. त्या काळच्या सगळ्याच कॅमेऱ्यांप्रमाणे तो सेल भराभर संपवी, तेव्हा मुलांनी चार्ज होणारे सेल घेण्यासाठी रद्दी विकली. कार्ड वाचायचं यंत्र मात्र पुण्याहून पाठवावं लागलं. फोटो पोस्टकार्डाच्या आकारात छापून वर्गाच्या भिंतीवर लागले. अंड्यावरची बारीक खडबड, उबण्याआधी त्याचा पालटलेला रंग, टरफल खाणारी काळपट अळी, सगळं त्यात होतं. आदल्या वर्षीची दोन मुलं, आता नववीतली, मधल्या सुट्टीत येऊन फोटो काढायला मदत करत होती. दहा मेगापिक्सेलचा कॅमेराही वाया गेला नाही. भर उन्हात झाड, मुलं आणि स्नेहसंमेलन यांचे फोटो तो उत्तम काढी.

२०२२ साली सर निवृत्त झाले. जाताना शाळेच्या विज्ञानमंडळाला एक फोन भेट द्यायचा म्हणून ते कऱ्हाडच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने समोर पाच फोन मांडले आणि १०८ मेगापिक्सेलचा पुढे सरकवला. सरांनी खिशातून पट्टी काढली. "सर, पट्टी कशाला?" दुकानदार म्हणाला. सरांनी पाचही फोन पट्टीजवळ नेऊन चौकटीत किती मिलिमीटर मावतात ते चिठ्ठीवर लिहून काढलं. कोणत्या फोनात मिलिमीटरला किती पिक्सेल पडतात याचा भागाकार तिथेच केला आणि त्यात पहिला आलेला फोन घेतला. तो १०८चा नव्हता.

त्यांचा मागच्या महिन्यात फोन आला होता. इतक्या जवळ नेल्यावर फोनची सावली पानावर पडते. मुलांनी पांढऱ्या कार्डशीटचं कडं करून खिडकीचा उजेड वळवून पाहिला, पण अळी हलली की कडंही हलवावं लागतं. माहलीचे दिवे कुठे कसे बसवले आहेत त्याचं चित्र पाठवाल का, असं सर विचारत होते.